गुरुवारी येणारं उत्तर

गावंडे साहेबांनी तो कागद टेबलावर सरळ केला, कोपऱ्यावर पेपरवेट ठेवलं आणि मला म्हणाले, "वाच."

कागद माझ्याच हातचा होता. वहीचं अर्धं पान, त्यावर निळ्या शाईत चार ओळी, सगळी इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

"वाच म्हणतो ना."

"एच डी ए," मी वाचायला लागलो. "डी एम ए इंटर. स्टेटस, शून्य एक्स पाच एक."

"पुढे."

"एरर, शून्य एक्स आठ चार."

"कोणाचा नंबर आहे हा? कुणाला कळवायचं होतं?"

भिंतीकडच्या खुर्चीत सोनवणेबाई बसल्या होत्या. त्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून ठेवली होती. सहा पुस्तकं, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, आणि त्यांच्या हातची एक चिठ्ठी. बाई साहेबांकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

महिनाभरापूर्वी एका टोळीतल्या माणसाची चिठ्ठी विडीच्या बंडलातून तुरुंगाबाहेर गेली होती आणि त्यावरून वरपर्यंत चौकशी झाली होती. त्यामुळे साहेब घाबरलेले होते, आणि घाबरलेला अधिकारी जसा बोलतो तसंच ते बोलत होते. साहेब तिथले अधीक्षक. कैद्याकडचा कुठलाही कागद बाहेर न्यायचा तर गेटवरच्या कारकुनाचा शिक्का लागतो. या कागदावर शिक्का नव्हता.

तो कागद तिथवर कसा आला, ते आधी सांगतो.

माझ्या सात वर्षांच्या शिक्षेतलं ते तिसरं वर्ष होतं. बाहेर असताना मी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून त्या रिवाइंड करायचो. दहावीनंतर आयटीआय केलं होतं, हात तारेला सरावलेले होते. तुरुंगात पहिली दोन वर्षं मी कुणाशी धड बोललो नाही. भेटीला कुणी येत नव्हतं आणि कुणी यावं असं मलाही वाटत नव्हतं. मग वाचनालयात झाडलोट आणि पुस्तकांना पुठ्ठे चढवणं हे काम मिळालं. तिथे दर गुरुवारी सोनवणेबाई यायच्या.

इंदुमती सोनवणे. तारखात्यातून निवृत्त झालेल्या. चौतीस वर्षं त्यांनी तारा घेतल्या आणि पाठवल्या होत्या. तुरुंगात त्या पुस्तकं आणायच्या, न्यायच्या आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून द्यायच्या. सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. मला त्या तुरुंगात 'तुम्ही' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर कुठल्याशा सरकारी कचेरीने टाकून दिलेले आठ संगणक वाचनालयात येऊन पडले. कैद्यांना संगणक शिकवायचा असा वरून आदेश होता. पण आतलं सगळं पुसून पाठवलेलं, आणि शिकवायला माणूसही नाही. साहेबांनी मला विचारलं, "तुला विजेचं काम येतं ना? बघ यांचं काही होतं का. दिवाळीनंतर तपासणी आहे. तोवर चालले नाहीत तर भंगारात जातील."

मी संगणकाला आयुष्यात हात लावला नव्हता. बाईंना सांगितलं, तर त्याही म्हणाल्या, "मलाही त्यातलं काही कळत नाही." पण पुढच्या गुरुवारी त्या एका मासिकासोबत मिळालेली तबकडी घेऊन आल्या. साहेबांची सही घेऊनच आत आणली. तीत लिनक्स होतं, संगणक चालवणारी एक प्रणाली. ते फुकट वाटलं जातं आणि जुन्या यंत्रांवरही चालतं, एवढंच त्या मासिकात वाचून त्यांना समजलं होतं.

तबकडी घातली आणि यंत्राने ती बघितलीसुद्धा नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या आणि थांबल्या.

"जसं दिसतंय तसं लिहून द्या," बाई म्हणाल्या. "एकही अक्षर गाळू नका. अर्थ लागत नसला तरी चालेल. अर्थ न कळता अक्षरं बरोबर न्यायची मला सवय आहे."

मी लिहून दिलं. गेटवर शिक्का मारून कागद बाहेर गेला. पुढच्या गुरुवारी बाईंच्या ठसठशीत अक्षरात उत्तर आलं. यंत्र सुरू होताना अमुक बटण दाबून धरा, एक निळा पडदा येईल, त्यात तबकडीला पहिला नंबर द्या. तसं केलं. यंत्राने तबकडी घेतली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं विसरून गेलं, आणि त्याच्या घड्याळात कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसायला लागली. पुन्हा कागद, पुन्हा आठवडा. उत्तर आलं, आतला नाण्याएवढा सेल संपलाय. साहेबांनी सेल मागवून दिला.

मग पडदा नुसताच काळा व्हायचा. आत पंखा चालू, दिवा चालू आणि पडद्यावर काही नाही. त्याला दोन आठवडे गेले. पहिलं उत्तर चाललं नाही. दुसऱ्यात सुरुवातीलाच एक शब्द टाइप करायला सांगितलं होतं. तो टाइप केला आणि पडद्यावर चित्र आलं. मी एकटाच होतो तिथे. खुर्चीवर बसून राहिलो बराच वेळ.

बाहेरचा माणूस असता तर ही सगळी कामं त्याने एका दुपारी उरकली असती. मला एकेका पायरीला एक आठवडा लागत होता. पण त्या आठवड्यांमुळे काय झालं ते मला माहीत आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा मी कशाची तरी वाट बघत होतो. बुधवारी झोपताना उद्या गुरुवार हे आठवायचं. उत्तर चुकीचं निघालं तरी वाईट वाटायचं नाही, कारण चुकलं हे लिहून पाठवता यायचं आणि त्यावर पुन्हा कुणीतरी विचार करायचं. कोण ते मला ठाऊक नव्हतं. बाईंच्या ओळखीचा कुणी इंजिनिअर असेल असं मी धरून चाललो होतो.

सातव्या आठवड्यात यंत्र आपलं आपण तबकडीवरचं सगळं आतल्या डिस्कवर उतरवून घ्यायला लागलं. गुरुवारचीच दुपार होती. पडद्यावरची पट्टी निम्म्यापर्यंत सरकली आणि अडकली. मग त्याच त्या चार ओळी पुन्हा पुन्हा उमटायला लागल्या. एच डी ए, स्टेटस, एरर, आठ चार. मी घाईने उतरवून घेतल्या. तोवर बाई पिशवी भरून उठल्या होत्या, आणि कारकून त्या दिवशी रजेवर होता. शिक्का मारायला कुणी नाही. म्हणजे हा आठवडा फुकट गेला असता आणि तपासणीला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

बाईंची पाठ वळली तेव्हा मी तो कागद परत जाणाऱ्या पुस्तकात सरकवला. त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या तेव्हा गेटवर नवा शिपाई होता. त्याने पुस्तकं झटकली. माझा कागद पडला, आणि तो घरी सापडल्यावर बाईंनी लिहून आणलेलं उत्तरही.

"साहेब," बाई म्हणाल्या, "ही यंत्राची भाषा आहे. चालू करून बघा, पडद्यावर हेच दिसेल."

"दिसलं नाही तर?"

"मग तुम्ही म्हणाल ते."

साहेब उठले. आम्ही तिघं आणि एक शिपाई असे वाचनालयात गेलो. एक गोष्ट फक्त मलाच माहीत होती. यंत्र दुरुस्त झालं होतं.

आदल्या दिवशीच झालं होतं. उत्तराची वाट बघत असताना मी खोका उघडून बसलो होतो. आतून डिस्ककडे एक चपटी, पट्टीसारखी केबल जाते. ती एका जागी दुमडून चांगलीच चेपली होती. मोटारीच्या कामात अशी चेपलेली तार दिसली की आम्ही ती ठेवत नाही, वरून चांगली दिसली तरी. शेजारच्या यंत्रातली केबल काढून इथे बसवली आणि पट्टी शेवटपर्यंत गेली. बुधवारी दुपारी त्या यंत्रावर लिनक्स पहिल्यांदा उभं राहिलं. मी बाईंना सांगायला आतुर झालो होतो.

आता साहेबांसमोर बटण दाबलं. यंत्र घुमलं, पडदा उजळला आणि एकही चूक न दाखवता ते छान सुरू झालं. निळसर पडदा, त्यावर चार चित्रं.

"कुठंय तुझं लिखाण?" साहेब म्हणाले.

सात आठवडे ते यंत्र चालावं म्हणून मी धडपडलो होतो. आता ते अडावं असं मला मनापासून वाटत होतं.

"साहेब, ते मी काल दुरुस्त केलं. मला पुन्हा बिघडवावं लागेल."

साहेबांनी शिपायाकडे बघितलं. शिपाई हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बिघडवू द्या त्यांना. तेही काही सोपं नसेल."

मी खोका उघडला, चांगली केबल काढली, भंगाराच्या खोक्यातून जुनी शोधून बसवली. घाईत ती पहिल्यांदा उलटीच लागली. पुन्हा लावली. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर जायला लागल्या. चूक नाही. अजून नाही. साहेब घड्याळ बघत होते. मला वाटलं, आता हे पुन्हा सरळ सुरू होणार.

मग ओळी थांबल्या. खाली एक ओळ उमटली, मग दुसरी.

बाई पुढे झाल्या, चष्मा नीट केला आणि पडद्यावरचं मोठ्याने सांगायला लागल्या. एकेक अक्षर, एकेक आकडा, एका लयीत, चौतीस वर्षं सांगत आल्या तशा. साहेब कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत गेले. चार ओळी संपल्या. एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

साहेबांनी मग बाईंच्या हातची चिठ्ठी उघडली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "आठ चार म्हणजे डिस्क ठीक आहे. तिच्याकडे जाणारी केबल खराब असणार. बदलून पाहा."

मी चाचपडत जे शोधलं होतं, तेच कुणा न पाहिलेल्या माणसाने लांबून सांगितलं होतं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता. "निरोपाचा संशय मिटला. पण शिक्क्याचं काय? बाई, बिनशिक्क्याचा कागद तुम्ही बाहेर नेलात. मला तुमचा पास बंद करावा लागेल."

"हो. माझ्याकडून राहिलं," बाई म्हणाल्या. "कारकून नव्हता. मी थांबायला हवं होतं."

त्या इतक्या सहज बोलल्या की मला क्षणभर खरंच वाटलं. गप्प बसलो असतो तर तिथेच मिटलं असतं. मला काही झालं नसतं.

"त्यांना माहीत नव्हतं, साहेब," मी म्हणालो. "मी लपवून पुस्तकात घातला."

साहेब माझ्याकडे वळले. "तू? तू कधीपासून आपलं केलेलं कबूल करायला लागलास?" मग बाईंना म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे का हा कशासाठी आत आहे? बांधावरून भांडण झालं, याने चुलतभावाच्या डोक्यात फावडं घातलं. तो जागेवर गेला. तीन साक्षीदार. आणि हा कोर्टात शेवटपर्यंत म्हणत राहिला, मी तिथे नव्हतोच, मी मोटार भरत होतो. आजही हायकोर्टातल्या अपिलात तेच लिहिलंय."

बाई माझ्याकडे वळल्या.

मला वाटलं होतं, त्यांना हे कधी कळू नये. म्हणून तर मी त्यांच्याकडे स्वतःबद्दल कधी काही बोललो नव्हतो. आता त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता, कीवही नव्हती. कुठलाही मजकूर समोर आला तरी तो पूर्ण होईस्तोवर थांबायचं, तशा त्या थांबल्या होत्या.

"मी होतो तिथे," मी म्हणालो. "शालिकला मीच मारलं. त्याने शिवी दिली आणि माझ्या हातात फावडं होतं. मारायचं होतं की नव्हतं ते मला आजही सांगता येत नाही. पण मारलं मीच. आणि कागदही मीच घातला."

मागे यंत्राचा पंखा चालू होता. त्या ओळी अजून येत होत्या.

साहेबांनी शिपायाला बाहेर पाठवलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तायडे, तुझं अपील चालू आहे. तू आत्ता जे पहिलं बोललास ते मी ऐकलेलं नाही. ते कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरव. कागदाचं ऐकलं. त्याची तीस दिवसांची माफी कापतो. बाईंचा पास राहील."

शिक्षेत चांगल्या वागणुकीबद्दल जी सूट मिळते तिला तुरुंगात माफी म्हणतात. माझे तीस दिवस गेले. मी तोवर कुणाचे इतके उपकार मानले नव्हते, जितके त्या तीस दिवस कापणाऱ्या माणसाचे मानले.

साहेब गेल्यावर बाईंनी पिशवी भरली. दारात थांबून म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी एक पत्र लिहू या का?"

"मला लिहिता येतं, बाई."

"माहीत आहे. पण काही पत्रं लिहिताना शेजारी कुणी बसलेलं असलं तर बरं पडतं."

त्या शेजारी बसल्या आणि मी शालिकच्या आईला, माझ्या काकूला, पत्र लिहिलं. पाच ओळींचं झालं. त्याला दोन तास लागले. मग वकिलाला लिहून अपील मागे घेतलं. काकूचं उत्तर आलं नाही, आणि ते यावं असा माझा हक्कही नव्हता. पण पुढच्या वर्षीच्या दिवाळीत माझ्या आईला तिने बोलावून घेतलं. बांधावरचं भांडण लागल्यापासून दोन घरांत पाण्याचा तांब्याही फिरला नव्हता. आई भेटीला आली तेव्हा हे सांगताना रडली. ती पहिल्यांदाच भेटीला आली होती.

आठापैकी सहा यंत्रं तपासणीपर्यंत उभी राहिली. उरलेल्या दोन यंत्रांचे अवयव या सहांत गेले. पुढे मी तिथे वर्ग घेतले. बावीस जण माझ्या हाताखाली टायपिंग शिकले.

सुटलो तेव्हा पहिल्यांदा घरी गेलो आणि चौथ्या दिवशी सोनवणेबाईंकडे. त्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. गुडघे दुखायला लागल्यामुळे मधल्या काळात त्यांचं तुरुंगात येणं बंद झालं होतं. मी पायाला हात लावायला वाकलो तर म्हणाल्या, "आधी चहा घ्या."

चहा घेताना मी विचारलं, "बाई, ते इंजिनिअर कोण होते? मला त्यांना भेटायचंय."

"कुठले इंजिनिअर?"

"उत्तरं देणारे."

त्या म्हणाल्या, "माझ्या ओळखीत कुणी नव्हतं हो. मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायची शुक्रवारी. इंटरनेटवर एक जागा असते, तिथे लिनक्सवाले एकमेकांना अडचणी विचारतात. तुमचा कागद मी तिथे जसाच्या तसा टाइप करायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मग दोन-तीन दिवसांनी कोणीतरी उत्तर दिलेलं असायचं. ते उतरवायचं आणि आणायचं."

"कोण द्यायचं?"

"बहुतेक वेळा एकच माणूस. पोलंडचा. टोमाश म्हणून. एकदा त्याने विचारलं, तुम्ही दर वेळी आठवड्याने का उत्तर देता? मी लिहिलं, यंत्र माझ्यापासून लांब आहे, आणि ज्याचं आहे त्याला माझ्याकडे येता येत नाही. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. पण मग तो उत्तरं जरा सविस्तर द्यायला लागला. हे चाललं नाही तर ते करा, तेही नाही तर हे. म्हणजे तुमचा आठवडा वाया जाऊ नये."

मी कप खाली ठेवला. ते मला आठवत होतं. त्या काळ्या पडद्याच्या वेळेपासून उत्तरं लांबलचक झाली होती. बाईच वाढवून लिहितात असं मला वाटायचं.

बाईंनी उठून कपाटावरचा जुना लॅपटॉप काढला. पुतण्याने दिलेला होता म्हणाल्या. त्या जागेवर गेल्या आणि खाली खाली सरकत एका पानावर थांबल्या. सगळे माझेच कागद होते तिथे, एकाखाली एक, माझ्या स्पेलिंगच्या चुकांसकट. आणि प्रत्येकाखाली त्याचं उत्तर. शेवटी केबलचं उत्तर होतं. त्याच्याखाली दोन आठवड्यांनी त्यानेच आणखी एक ओळ लिहिली होती. इंग्रजीत. केबल बदलली का? चाललं का?

त्याच्याखाली काही नव्हतं.

"तुम्ही उत्तर दिलं नाहीत?" मी विचारलं. "साडेतीन वर्षं झाली."

"मी काय देणार? यंत्र कुठे मी चालवलं होतं? ते उत्तर तुमच्याकडचं होतं. तुम्ही याल तेव्हा द्याल, म्हणून ठेवलं." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "त्याचा अजून तिथे वावर आहे. मी बघत असते अधूनमधून."

मी हात पुसले आणि लिहायला लागलो. माझं इंग्रजी तुटकंच होतं. आधी लिहिलं, हो, केबलच होती, चाललं. मग थांबलो. त्याखाली लिहिलं, मी तेव्हा तुरुंगात होतो, तुमचं उत्तर दर गुरुवारी यायचं, मी वाट बघायचो. मग पुन्हा थांबलो. आभारासाठी मला इंग्रजीत एकच शब्द येत होता, तो लिहिला, आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं. प्रल्हाद गणपत तायडे.

बाईंनी चष्मा लावला. पडद्याजवळ येऊन एकेक अक्षर तपासलं. एका शब्दात एक अक्षर राहिलं होतं, ते सांगितलं. मी भरलं.

"आता पाठवा," त्या म्हणाल्या.